रात्री अकराचा ताप

सिझर झालेल्या बाळंतिणीला ताप आला की आमच्या वॉर्डात आधी टाके, छाती, लघवी, स्तन आणि अंगावरून जाणारं पाहतात. सुरगाण्याकडच्या त्या पहिलटकरणीचं सगळं ठीक होतं. पाणी जाऊन बराच वेळ झाल्यावर तिचं सिझर झालं होतं, आणि तिसऱ्या दिवसापासून ताप. मलेरिया, डेंगी निगेटिव्ह. अँटिबायोटिक एकदा बदलून झालं.

सकाळच्या राउंडला ती वेणी घालून, बाळाला पाजत बसलेली असायची. ताप नाही, जेवण व्यवस्थित. राउंडला पाहणाऱ्याला ती बरीच वाटायची. नाशिकच्या आमच्या पीएनसी, म्हणजे बाळंतिणींच्या, वॉर्डात तेव्हा माझी रात्रपाळी होती. रात्री अकराच्या सुमाराला तिला अशी हुडहुडी भरायची की कॉटला टेकलेला सलाइनचा स्टँड खडखडायचा. ताप १०३ च्या वर. तीनपर्यंत घामाने चादर ओली, आणि सहाला पुन्हा ९९. जानेवारी होता, त्यामुळे थंडीचं खापर नाशिकच्या हवेवर फुटलं. सासू म्हणाली, वारं लागलं. रेसिडेंट म्हणाला, दूध भरल्याचा ताप. मला दोघांच्या बोलण्यात फार फरक वाटला नाही.

दिवसाचा टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाचा, चार्ट पाहिला तर ९८.६, ९८.६, ९८.६. एकाच शाईत, एका ओळीत. थर्मामीटर न लावता भरलेला चार्ट मला लांबूनही कळतो, आणि त्याची चीड येते. वॉर्डात चाळीस बाळंतिणी आणि दोन सिस्टर, हे मलाही माहीत आहे. तरीही. मी तिची नाडी पूर्ण मिनिटभर मोजत होते. ताप उतरल्यावरही ती ११० च्या खाली येत नव्हती.

पाचव्या रात्री मी दर दोन तासांचा ताप आणि नाडी एका कागदावर आखली आणि सकाळी थांबून आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमना दाखवली. त्यांनी कागद पाहिला, काही न बोलता तिच्या बेंबीच्या उजव्या बाजूला खोल दाबलं. ती कळवळली. सोनोग्राफी आधी झाली होती, पण आतड्यातल्या गॅसमुळे तिथलं काही दिसलं नव्हतं. मॅडमनी कॉन्ट्रास्ट सीटी सांगितला.

उजव्या बीजकोषाची शीर करंगळीएवढी जाड झाली होती. कडा पांढरी, आत काळं. जंतू शिरलेली रक्ताची गाठ, वर महाशिरेच्या तोंडापर्यंत गेलेली. तिथून तुकडा सुटला तर तो थेट फुप्फुसात. मॅडम म्हणाल्या, गरोदरपणात गर्भाशय उजवीकडे वळतं, उजवी शीर लांबही असते, म्हणून बहुतेक वेळा उजवीकडेच होतं. नॉर्मल डिलिव्हरीत साधारण ९००० मध्ये एक, सिझरमध्ये ८०० मध्ये एक, असं छापलेलं आहे. नुसत्या अँटिबायोटिकने दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही, दुसरं कारणही सापडलं नाही, की हे मनात यायला हवं.

आता रक्त गोठू न देणारं हेपरिन, त्यातलं एनॉक्सापॅरिन. डोस वजनावर, किलोला एक मिलिग्रॅम, दर बारा तासांनी. केसपेपरवर वजन होतं ६२, पण ते नवव्या महिन्यातलं. मी काटा आणून तिला उभं केलं. ५४ भरलं.

सासू आडवी आली. "अजून अंगावरून जातंय तिच्या, आणि रक्त पातळ करायचं इंजेक्शन देता?" प्रश्न अगदी रास्त होता. मॅडम तिच्याजवळ स्टुलावर बसल्या आणि दहा मिनिटं समजावत होत्या: गर्भाशय आवळलेलं आहे, जाणं कमी झालंय, आम्ही रोज बघू, बाळाला पाजायलाही हरकत नाही. एवढा वेळ देणारे डॉक्टर मी फार पाहिले नाहीत.

अँटिबायोटिक चालूच होतं. हेपरिन सुरू झाल्यावर दुसऱ्या रात्री अकराला ताप १०१. तिसऱ्या रात्री ९९. मी बाराला आणि एकलाही हात लावून पाहिला. ती गाढ झोपली होती.

डिस्चार्जच्या वेळी कागद लावताना माझीच चौथ्या रात्रीची नोंद समोर आली. त्या रात्री ती उजवीकडे हात ठेवून म्हणाली होती, "सिस्टर, इथं आत ओढतंय." टाके खाली, आडवे होते. तिचा हात बेंबीच्या बाजूला होता, मी पाहिलाही होता.

नोंदीत माझ्या अक्षरात लिहिलंय, टाके दुखतात.