ग्रीन बिल्डिंग म्हटलं की पहिला प्रश्न, "झाडं किती लावायची?"

मी एका युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंग सेक्शनला आहे, सिव्हिलचा. तीन मजली क्लासरूम आणि लॅबची बिल्डिंग मंजूर झाली आणि वरून सांगण्यात आलं की गृहा रेटिंग घ्यायचं, चार स्टार तरी पाहिजेतच. गृहा म्हणजे टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राचं नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांची, बिल्डिंग किती पर्यावरणपूरक आहे ते मोजायची आपली देशी पद्धत, 100 मार्कांची, आम्हाला जे व्हर्जन लागू होतं त्यात 71 ला चार स्टार आणि 86 ला पाच. पहिल्या मीटिंगला अर्धा तास झाडांवरच गेला.

खरं भांडण झालं काचेवरून. मेन रोड पश्चिमेला, त्यामुळे साहेबांना तिकडून सगळी काच पाहिजे होती, कॉर्पोरेट लुक का काय ते. आर्किटेक्ट मॅडम सांगून थकल्या की दक्षिणेचं ऊन उंचावरून येतं, त्याला दोन फुटी छज्जा पुरतो, पण संध्याकाळचं पश्चिमेचं ऊन तिरकं थेट बाकापर्यंत येतं, त्याला छज्जा काय करणार. पटेना. मग मॅडमनी पुढची मीटिंग एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता जुन्या बिल्डिंगच्या पश्चिमेकडच्या वर्गात लावली. उन्हाचं नावच काढलं नाही त्यांनी, नुसते ड्रॉइंग पसरले. वीस मिनिटांत साहेब स्वतः म्हणाले, "बाहेर व्हरांड्यात बसूया का?" नंतर पश्चिमेला जिने, टॉयलेट आणि डक्ट गेले, आणि वर्ग उत्तर-दक्षिण तोंडाचे झाले. काच राहिली, एन्ट्रन्सपुरती.

डिझाइन झालं की झालं असं वाटत होतं मला. कसलं काय! साइटवर खरी मजा.

खोदाईआधी वरची सुपीक माती काढून वेगळा ढीग करून ठेवायची आणि शेवटी लँडस्केपला परत वापरायची असा नियम, त्याचे मार्क असतात. आम्ही काढली, ढीग लावला, वर ताडपत्री, फोटो पण काढले. मी दोन दिवस लग्नाला गेलो, परत येऊन बघतो तर ढीग गायब. जेसीबीवाला म्हणाला, "साहेब, प्लिंथमध्ये, जोत्यात भरली ना, मुरूम यायला उशीर होता." आता ही काळी माती, पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते, फ्लोअरिंगखाली ती राहिली असती तर सगळ्या टाइल्स उचकल्या असत्या. दोन दिवस परत उपसली, तोवर तिच्यात खडी, सिमेंटच्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या मिसळलेल्या. माळीकाकांनी मूठभर हातात घेऊन चोळून बघितली आणि न बोलता टाकून दिली.

क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट पक्कं व्हायला ते ओलं ठेवायचं, त्याचं पण तेच. मुकादमाला पाइप धरून भिंतीवर पाणी मारायची सवय, निम्मं वाहून जातं. कॉलमला गोणपाट गुंडाळायला आणि स्लॅबवर पाणी साठवायला आळी करायला लावली, आणि पाण्याला मीटर बसवला, तेव्हा कुठे पाइप बंद व्हायला लागला. भिंतींना विटांऐवजी एएसी ब्लॉक वापरले, आत हवेची छिद्रं असलेले सिमेंटचे ठोकळे, हलके असतात, वजन कमी येतं, फक्त कॉलमच्या जॉइंटला चिकन मेश, म्हणजे तारेची बारीक जाळी, नाही लावली तर प्लास्टरला तडा ठरलेला. आमच्या दोन खोल्यांत गेलाच.

पंख्यांनी तर डोकं खाल्लं. एस्टिमेटात साधे पंखे होते, 75 वॅटचे, आम्हाला पाहिजे होते बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, 30 वॅटच्या आसपासचे. म्हणजे एक्स्ट्रा आयटम, रेट अॅनालिसिस, तीन कोटेशन, अकाउंट्सचा शेरा, परत उत्तर. नुसत्या पंख्यांच्या फाइलला चार महिने लागले, तेवढ्यात एक मजला उभा राहिला.

आणि कागद! कुठलं मटेरियल कुठून आलं त्याची चलनं, पेंटची सर्टिफिकेटं, मजुरांच्या टॉयलेटचे तारखेसकट फोटो. कॉन्ट्रॅक्टरकडची अर्धी चलनं पावसात भिजली, ती मी घरी इस्त्रीने वाळवली आहेत, बायको अजून ऐकवते. ज्याला कोणाला हे करायचं असेल त्याने पहिल्या दिवसापासून एक माणूस फक्त कागदाला ठेवा, बाकी सगळं नंतर.

शेवटी 73 आले, चार स्टार, दोनच मार्क वर. मातीचे मार्क आम्ही मागितलेच नाहीत, फोटो असूनही. जेसीबीवाला कॅम्पसवर दिसला की अजून लांबूनच सलाम ठोकतो.