विचारलं तेवढंच सांग

परवा सकाळी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत आमची मुलाखत. म्हणून काल रात्री बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी हे चष्मा नाकावर ओढून व्हिसा अधिकारी झाले. “कशाला जाताय?” मी लेकीच्या नोकरीपासून सुरू केलं. “अगं, विचारलं तेवढंच सांग! नातू बघायला, सहा आठवडे.”

डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, लेकीनेच भरला. फोटो मात्र दोनदा काढावा लागला. २ बाय २ इंच, आणि चष्मा चालत नाही. आत मोबाइलही नेता येत नाही, म्हणून तिचा पत्ता कागदावर उतरवलाय.

मग मी अधिकारी. “परत याल कशावरून?”

“तिकडे शेवउसळ कुठे मिळते?”

पेन्शनचे कागद फाइलीत सगळ्यात वर ठेवलेत.