लाल टिकला तरच पुढे

बाहेर नाशिकचा पाऊस, आत दिवसभर सोन्याचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण), रक्त तपासायच्या, रंगीत रेघ उमटणाऱ्या पट्ट्यांसाठी. करायला सोपे आहेत: १ मिलीमोलर क्लोरोऑरिक आम्ल २० मिली, उकळी, ढवळणं चालू, त्यात १ टक्का सोडियम सायट्रेट २ मिली एकदम. पिवळं फिकं पडतं, मग जांभळट, दहाएक मिनिटांत रेड वाइनसारखं लाल (नाशिककरांना हा रंग काय सांगायचा!). शोषणाचं शिखर (द्रावण ज्या तरंगलांबीचा प्रकाश सर्वात जास्त शोषतं ती) ५२० नॅनोमीटरच्या आसपास आलं की झालं.

खरी मेख कणांवर अँटिबॉडी (हवा तो पदार्थ ओळखून पकडणारं प्रथिन) चढवताना. विकतची अँटिबॉडी बहुधा क्षारयुक्त बफरमध्ये येते. तशीच ओतली तर कण एकमेकांना चिकटून द्रावण निळं पडतं, म्हणून आधी डायलिसिस करायचं (पातळ पडद्यातून क्षार काढून टाकायचे). पोटॅशियम कार्बोनेटने पीएच ८.५ ते ९ वर आणायचा, पण पीएच कागदानेच तपासायचा. अँटिबॉडी न चढलेले उघडे कण पीएच मीटरचा इलेक्ट्रोड खराब करतात. मग छोट्या नळ्यांत अँटिबॉडीचं प्रमाण वाढवत न्यायचं आणि १० टक्के मिठाचं पाणी टाकायचं. ज्या किमान प्रमाणात मीठ टाकूनही लाल रंग टिकतो, निळा पडत नाही, त्याहून थोडं जास्त घ्यायचं. कणांवर उरलेल्या जागा बीएसएने (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) झाकायच्या. ही मिठाची चाचणी टाळणाऱ्यांचा मला राग येतो.

सीआरपीसारखा (शरीरात दाह झाला की वाढणारं प्रथिन) बायोमार्कर, म्हणजे आजाराची खूण सांगणारा पदार्थ, रक्तात फारच जास्त असेल तर पट्टीवरची रेघ उलट फिकी पडते. नमुना पातळ करून पुन्हा तपासा. आणि या दमट हवेत पट्ट्या सिलिका जेलसकट सीलबंद ठेवा, उघड्या टेबलावर नकोत.