पितृपंधरवडा आणि १८२ दिवस

चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या टॉवेल कारखान्यात चौदा वर्षे मागांची देखभाल केल्यानंतर जर्मनीतल्या एका यंत्रनिर्मिती कंपनीत मला नोकरी मिळाली आणि कंपनीने २० सप्टेंबर २०२४ चे तिकीट पाठवले. आईने पंचांग उघडले. सोलापूरच्या घरात दाते पंचांगाच्या वर अपील नसते. पितृपंधरवडा लागलेला होता, तेव्हा "घट बसू देत, मग नीघ" असा निकाल लागला. ३ ऑक्टोबरला घट बसले आणि ४ तारखेला मी निघालो.

पुढच्या जुलैत, सुट्टीवर आलो असताना, विवरणपत्र भरण्यासाठी नवी पेठेतल्या आमच्या नेहमीच्या सीएंकडे गेलो. पगाराचे कागद बाजूला सारून त्यांनी आधी पासपोर्ट मागितला, बाहेर पडल्याचा शिक्का शोधला आणि टेबलावरच्या कॅलेंडरवर पेन्सिल फिरवली: एप्रिल ते ऑगस्ट १५३, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ४, एकूण १८७. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेला असेल, तर प्राप्तिकर कायदा त्याला त्या संपूर्ण वर्षासाठी निवासी धरतो. कंपनीच्या पहिल्या तिकिटावर निघालो असतो तर आकडा १७३ झाला असता आणि जर्मनीतला पगार भारतीय कराच्या कक्षेतच आला नसता. गंमत म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या दृष्टीने मी नोकरीसाठी देश सोडताच अनिवासी झालो होतो आणि बँकेने माझे बचत खातेही एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासींच्या खात्यात, बदलले होते; एकाच माणसाला एक कायदा बाहेरचा म्हणत होता आणि दुसरा घरचा.

निवासी ठरल्यामुळे ऑक्टोबर ते मार्चचा जर्मन पगार इथल्या विवरणपत्रात दाखवणे भाग पडले. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे आणि दोन्हीकडे निवासी ठरणाऱ्याला कोणत्या देशाचे मानायचे याच्या कसोट्याही त्यात आहेत, परंतु मुलीची वार्षिक परीक्षा होईपर्यंत पत्नी सोलापुरातच राहिलेली असल्याने माझे कौटुंबिक केंद्र जर्मनीत आहे असे म्हणण्यात सीएंना दम वाटला नाही. म्हणून तिथे भरलेल्या कराची इथल्या करातून वजावट मागण्याचा मार्ग आम्ही धरला, आणि त्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागला.

खरी किचकट जागा पुढे होती. जर्मनीचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते, त्यामुळे माझा सहा महिन्यांचा पगार त्यांच्या दोन वर्षांत विभागला गेला. शिवाय तिथे दरमहा कर कापताना हाच पगार वर्षभर मिळणार असे गृहीत धरतात. पत्नी युरोपाबाहेर असल्यामुळे मी विवाहित असूनही अविवाहितांच्या करवर्गात पडलो होतो, त्यामुळे कपात भरपूर झाली. २०२४ मध्ये मी तिथे तीनच महिने कमावलेले असल्याने जर्मन विवरणपत्र भरल्यावर त्यातला बराच भाग परत आला. सप्टेंबरपर्यंतचा सोलापूरचा पगार त्यांनी कराचा दर ठरवताना हिशेबात धरला नसता तर आणखीही आला असता. हा परतावा पाहून मी खूश झालो, पण सीए झाले नाहीत. जो कर परत मिळाला तो भरलाच नाही असे होते, म्हणून भारतातली वजावट तेवढी घटली आणि तिथून आलेल्या पैशातला काही भाग इथे भरावा लागला. युरोचे रुपये करतानाही गूगलवरचा दर चालत नाही. ज्या महिन्याचा पगार, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर, म्हणजे बँक ज्या भावाने परकीय चलन विकत घेते तो दर, घ्यावा लागतो, म्हणजे सहा महिन्यांसाठी सहा वेगळे दर.

एप्रिल २०२५ पासून मी दोन्ही कायद्यांच्या लेखी अनिवासी झालो आणि त्रास माझ्याकडून जुळे सोलापूरच्या फ्लॅटमधल्या भाडेकरूकडे सरकला. अनिवासी मालकाला भाडे देणाऱ्याने, भाडे कितीही कमी असले तरी, ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे मुळातूनच कापायचा कर, कापून सरकारजमा करायचा असतो आणि त्यासाठी कर कापणाऱ्याचा टॅन क्रमांक काढायचा असतो. फोनवर हे सांगताच ते म्हणाले, "काय ओ सर, भाडं बी मीच द्यायचं आणि तुमचा टॅक्स बी मीच भरायचा?" कर माझ्याच भाड्यातून कापायचा आहे, नऊ हजारांतले २,८०८ रुपये सरकारला आणि उरलेले मला, हे त्यांना पटवण्यात दोन रविवार गेले. वर्षाचे १,०८,००० रुपये भाडे करमुक्त मर्यादेच्या कितीतरी आत असल्यामुळे ही सगळी रक्कम विवरणपत्र भरून मी परत मागू शकतो, हे मात्र मी त्यांना सांगितले नाही. नाहीतर मग कापायचीच कशाला, या त्यांच्या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

टॅनचा अर्ज अखेर सीएंनीच भरून दिला. कर कापल्याचे पहिले १६ए प्रमाणपत्र भाडेकरूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले तेव्हा खाली एक ओळ होती: "सर, पाणीपट्टी तरी अजून तुमच्याकडंच आहे ना?"