‘हे कोणाकडून शिकलात?’

आमच्या मंडळात वर्ष मोजतात ते छंदमेळ्यापासून. संक्रांत आणि रथसप्तमी यांच्या मधला एक रविवार धरायचा, रामबागेतला हॉल सांगून ठेवायचा आणि मार्गशीर्षापासूनच घरोघरी फोन सुरू करायचे: काकू, यंदा काय मांडताय? मंडळ लहान आहे. रामबाग, नारायण बाग, लोकमान्यनगर आणि अलीकडे जोडली गेलेली सुदामानगरातली काही घरं, एवढाच पसारा. पण इंदूरच्या मराठी घरांत हातांनी काय काय केलं जातं ते त्या एका दिवशी एका छताखाली बघायला मिळतं. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, गोधड्या, गव्हले, फुलवाती, पुठ्ठ्याचे किल्ले, होळकरी नाणी, पोस्टाची तिकिटं. एका वर्षी तर एका आजोबांनी आयुष्यभर जमवलेल्या काडेपेट्यांवरच्या चित्रांनी अख्खी भिंत भरली होती.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, पाहुण्यांचा परिचय, अहवाल आणि जमाखर्च साडेदहापर्यंत उरकतं. त्यातलं फारसं सांगण्यासारखं नाही. इतकंच सांगते, की खजिनदार काकांचा हिशेब दरवर्षी रुपयापर्यंत जुळतो आणि त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे.

खरा मेळा त्यानंतर. पूर्वी इथे स्पर्धा असायची. पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक आणि बक्षीस म्हणून स्टीलचे डबे. आमच्या माई अध्यक्ष झाल्या आणि त्यांनी बक्षिसं बंद केली. माई शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं. त्यांनी नियम घातला, की जो काही मांडेल त्याने आपल्या टेबलाशी उभं राहून पाच मिनिटं बोलायचं आणि एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: हे कोणाकडून शिकलात? कसं केलं, किती दिवस लागले, विकत मिळेल का, ते सगळं मागाहून. आधी माणूस सांगायचा. स्पर्धा गेली तर येणार कोण, असं कार्यकारिणीत बरंच ऐकून घ्यावं लागलं. मी तेव्हा माईंच्या बाजूने होते आणि आजही आहे. स्पर्धेच्या दिवसांत लोक दुसऱ्याच्या टेबलातल्या चुका बघत फिरायचे. आता थांबून ऐकतात.

मी दरवर्षी वाट बघते ती हलवावाल्या काकूंची. आमच्याकडे माणसं हातातल्या कामावरून ओळखली जातात, आडनावं वर्गणीच्या पावतीपुरती. काकू अमरावतीकडून लग्न होऊन इंदुरात आल्या तेव्हा त्यांना तिळाचे लाडू तेवढे येत होते. संक्रांतीचा काटेरी हलवा शिकवला सासूबाईंनी. परात निखाऱ्यांच्या मंद आचेवर ठेवायची, त्यात तीळ किंवा खसखस पसरायची, वरून चमचाभर पाक सोडायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी दाणे फिरवत राहायचं. मग पुढचा चमचा. असं दिवसचे दिवस. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना धरतात, आच वाढली की साखर पिवळी पडते, हवा दमट असली की दाण्यावर काटा येत नाही. म्हणून पौषातली कोरडी थंडी हवी, आणि म्हणून सासूबाई पहाटे चारला सिगडी पेटवून बसायच्या. काकूंची बोटं पोळायची. दाणा मात्र गुळगुळीतच राहायचा.

पुढे सासूबाईंची नजर गेली. परातीसमोर बसणं संपलं, पण काकू रोज दाणे त्यांच्या तळहातावर नेऊन ठेवायच्या. त्या अंगठ्याने चाचपायच्या आणि सांगायच्या, “अजून दोन दिवस.” कधी नुसतंच, “हं, आला.” काकू हे सांगतात तेव्हा दरवर्षी त्यांचा आवाज तिथेच अडकतो. समोर टेबलावर काळ्या चंद्रकळेच्या तुकड्यावर मंगळसूत्र, बाजूबंद, बिंदी, नव्या जावयासाठी हलव्याने मढवलेला नारळ आणि बोरन्हाणाच्या बाळाचा मुकुट मांडलेला असतो. दागिना ओवण्याची कलाकुसर मोठीच आहे. पण त्या तळहातावरच्या दाण्यांबद्दल ऐकल्यावर मला तो मुकुट वेगळा दिसतो. मी दरवर्षी रडते आणि ते लपवत नाही.

दुसरं बोलणं झांकीवाल्या आप्पांचं. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: अनंत चतुर्दशीच्या रात्री आमच्या शहरात कापड गिरण्यांच्या झांक्या निघतात. हलणारे देखावे, विजेची रोषणाई, पुढे आखाडे, आणि जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रात्रभर जागणारी माणसं. आप्पा मिलमध्ये होते. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली, बाकीच्यांनाही एकेक करून टाळं लागलं, थकलेल्या देण्यांसाठी कामगार वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले. पण झांक्या थांबल्या नाहीत. भोंगा बंद झालेल्या मिलच्या आवारात त्याच कामगारांनी वर्गणी काढून देखावे उभे केले. आप्पा आता घरी हातभर लांबीच्या लाकडी झांक्या करतात. गोवर्धन उचलणारा कृष्ण, दळण दळणारी बाई, मान हलवणारा हत्ती. ते चाक हातात घेऊन दाखवतात: मध्यापासून जरा बाजूला खिळा ठोकायचा, खिळ्याला तार, तारेला बाहुलीचा हात. चाक गोल फिरतं आणि हात वर-खाली होतो. मुलं खुर्च्यांवर उभी राहून बघतात.

मग माईंचा प्रश्न येतो. आप्पा म्हणतात, मिलच्या सुतारखात्यातल्या एका उस्तादांकडून. उस्ताद कागदावर काही काढून द्यायचे नाहीत. “बघ आणि कर” एवढंच. मिल बंद झाल्यावर ते गावी निघाले, तेव्हा आपला रंधा आप्पांच्या हातात देऊन गेले. तो रंधा आप्पा टेबलावर झांकीच्या शेजारी ठेवतात. कोणी उचलून बघितला तर चालतं, पण परत त्याच जागी ठेवावा लागतो.

एका गोष्टीवरून मंडळात वाद झाला होता, तोही लिहायला हवा. आमच्यातल्या एका घराची सून माळव्यातली, देवासजवळच्या गावची. तिने संजा मांडली. पितृपक्षात माळव्यातल्या मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाने आकृत्या काढतात, फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात आणि शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे किल्ल्याची आकृती, करतात. हिने तो किलाकोट फळीवर करून आणला होता आणि आपल्या नानीबद्दल माळवीत बोलली. कार्यक्रम मराठीतच व्हावा, असं एका ज्येष्ठ सभासदांनी तिथल्या तिथे म्हटलं. मुलगी गप्प झाली. तेव्हा मागच्या रांगेतल्या एक ऐंशीच्या आजी उठून म्हणाल्या, “अगं, आम्ही पण करायचो गल्लीत. तू बोल.” आणि ती बोलली. कितीतरी बायकांना आपापल्या लहानपणीची संजा आठवली, कोणाचा कोट मोठा व्हायचा यावरून टेबलाभोवती गलका झाला. माझ्या मते त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं बोलणं तेच होतं. माळव्यात राहून माळवी ऐकायला आपण खळखळ करू नये.

वर्षातून दोन सहली असतात, एक पावसाळ्यात आणि एक थंडीत. पावसाळ्यातली बहुतेकदा पाताळपाणी-कालाकुंडची. घाटातली ही मीटरगेज लाइन इंदूरकरांच्या फार जिव्हाळ्याची. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं तेव्हा खंडवा-इंदूर रेल्वे झाली, आणि पुढे कितीतरी पिढ्या याच मार्गाने खंडव्याहून अकोल्याकडे माहेरी-सासरी गेल्या. आता नेहमीच्या गाड्या बंद झाल्या. 2018 च्या डिसेंबरात सुरू झालेली हेरिटेज गाडी तेवढी आहे. बोगदा आला की मुलं ओरडतात, चोरल नदी दिसली की सगळे एका बाजूच्या खिडक्यांना, आणि कालाकुंडला उतरलं की पानाच्या द्रोणातला कलाकंद. क्रोशावाल्या वहिनींची सुई मात्र गाडीतही थांबत नाही. जाताना सुरू केलेलं फूल परतीच्या वाटेवर कोणाच्या तरी मुलीच्या केसांत असतं.

थंडीतल्या सहलीसाठी माईंचा आग्रह असायचा, की जिथे कारागीर आहेत तिथे जायचं. महेश्वर त्यामुळे पुन्हा पुन्हा झालं. अहिल्याबाईंनी तिथे विणकर वसवले, आणि माग आजही चालू आहेत. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, आणि किल्ल्याच्या दगडी कामातून काठावर उतरलेली वीट, चटाई, लहर. आधी घाटावर उभं राहून दगडावरची नक्षी बघायची आणि मग मागावर तीच शोधायची, हा माईंनी मुलांना लावलेला खेळ. पण मला विसरता येत नाही ती बागची सहल. बाग धार जिल्ह्यात, इंदूरपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून अंधारातच निघालो होतो. तिथल्या खत्री कारागिरांनी सगळं दाखवलं. तुरटी आणि चिंचोक्याच्या खळीतून लाल, लोखंडाच्या गंजातून काळा, मग वाहत्या पाण्यात धुणं, मग तांब्याच्या कढईत धावडीच्या फुलांबरोबर उकळणं. कढईत जाईपर्यंत लाल हा लाल दिसतच नाही. एका वयस्कर कारागिराला माईंनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, पूर्वज सिंधहून आल्याचं सांगितलं आणि मग लाकडी ठसा उलटा करून दाखवला. म्हणाले, हा माझ्यापेक्षा म्हातारा आहे, खरं तर यालाच विचारा. माई त्या ठशासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. परतताना बसमध्ये अंताक्षरी झालीच नाही. प्रत्येक जण आपापल्या शिकवणाऱ्याबद्दल बोलत होता, आणि एरवी मेळ्यात कधी तोंड न उघडणाऱ्या दोघी-तिघीही बोलल्या.

उपस्थितीबद्दल मात्र मला वाईट वाटतं. सहलीला बस भरते, वेटिंग लागतं. मेळ्याला “बघतो, जमलं तर” असं उत्तर येतं. जेवणाच्या वेळी खुर्च्या कमी पडतात आणि सकाळी अकराला पुढच्या दोन रांगा सोडून हॉल रिकामा असतो. एका वर्षी एक सातवीतला मुलगा तिकिटांचा अल्बम घेऊन आला होता. आजोबांकडून त्याला तो मिळालेला, आजोबा त्याच वर्षी गेलेले. त्याने रात्र रात्र जागून पाठ केलेलं बोलणं त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर केलं. कडाक्याची थंडी होती, मान्य. टीव्हीवर मॅच होती, तेही मान्य. पण साडेबाराला पुरीभाजीसाठी आलेल्यांनी त्याचं टेबल आवरलेलं बघून “अरे, संपलं का?” असं विचारलं, ते मी अजून विसरलेले नाही.

आता ज्यांच्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं ते. हॉलची चावी घेऊन सकाळी सातला येणारे भैया. शनिवारी रात्री टेबलं लावणारी आणि रविवारी संध्याकाळी तीच उचलणारी चार मुलं, ज्यांतली दोन आता पुण्याला नोकरीला आहेत आणि तरी मेळ्याला रजा काढून येतात. माइकवाले दादा. काकूंची सिगडी आणि कोळसे स्कूटरवरून आणणारा त्यांचा भाचा. गरम पोहे, जलेबी आणि पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याचा डबा वेळेवर पोहोचवणारे कोपऱ्यावरचे काका, जे थोड्या पोह्यांचे पैसे कधीच लावत नाहीत. नावनोंदणीच्या टेबलावरच्या दोघी बहिणी. फलक रंगवणारे चित्रकला मास्तर, कारण छापील फ्लेक्स माईंना आवडायचा नाही. फोटो काढणारे आणि म्हणून स्वतः एकाही फोटोत नसलेले मामा. घाटातल्या वळणांवर मागे न बघता “मुलांना बसवा” म्हणणारे बसचे ड्रायव्हर साहेब. प्रवासात औषधांचा डबा सांभाळणाऱ्या नर्सताई. हॉल झाडणाऱ्या दोघी मावशी, ज्या आता झाडून झाल्यावर स्वतःच्या गोधड्याही मांडतात. पाण्याचे जार आणणारा मुलगा. आणि रांगोळीवाल्या वहिनी, त्या राहूनच जात होत्या. दारातली रांगोळी पहाटे पाचला, थंडीत, एकट्या काढतात. फुलांचं सगळं बघणारे त्यांचे यजमानही.

माई आता नाहीत. त्यांनी एक वही ठेवली होती, लाल कापडी बांधणीची. मांडणाऱ्याचं काम आणि त्याला शिकवणाऱ्याचं नाव, एवढंच त्यात लिहायच्या. आता ती वही मी लिहिते. काही वर्षांची पानं अपुरी आहेत. कोणी मांडलं ते आहे, कोणाकडून शिकले ते नाही. पुण्या-मुंबईला, बेंगळुरूला गेलेल्यांनीही फोनवर सांगितलं तरी चालेल, मी लिहून घेईन. यंदा टेबलं शनिवारी संध्याकाळी सहाला लावायची आहेत. रविवारी बोलणं बरोबर साडेदहाला सुरू होईल आणि पहिलं टेबल मुलांचं असेल, तेव्हा दहाच्या आत येऊन बसावं.