उसण भरते तेव्हा कमरेत काय होतं

सकाळी बेसिनवर वाकून तोंड धुताना, नाहीतर मोरीतली भरलेली बादली उचलताना कमरेत चमक निघते आणि माणूस वाकलेल्या अवस्थेतच अडकतो. हे सकाळी जास्त होतं, कारण रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते ती त्यामुळेच. फुगलेल्या गादीवर वाकताना जास्त ताण येतो. म्हणून उठल्यावर पहिला तासभर खोल वाकायची कामं टाळावीत. पायमोजेसुद्धा पाय वर घेऊन घालावेत.

बाकी सगळा तरफेचा हिशेब. बादलीत १५ लिटर पाणी म्हणजे १५ किलो. ती मणक्यापासून ५० सेंटिमीटर पुढे धरली, तर तिला तोलणारे पाठीचे स्नायू गादीच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. म्हणजे त्यांना दहापट, दीडशे किलोइतकी ओढ लावावी लागते. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. तीच बादली दोन पायांच्या मध्ये, अंगापासून २५ सेंटिमीटरवर आणली की ओढ निम्मी. ‘पाठ ताठ ठेवा’ हे सगळे सांगतात. माझ्या मते ओझं अंगाशी ठेवणं त्याहून महत्त्वाचं. आणि वाकलेलं असताना कमरेतून वळू नये. गादीच्या वेष्टनातले तंतू थरागणिक उलटसुलट तिरके असतात. पीळ बसला की एका दिशेचे तंतू सैल पडतात आणि सगळा ताण उरलेल्यांवर येतो. वळायचंच असेल तर पावलं टाकून वळावं.

दहातल्या नऊ कंबरदुख्यांत नेमकं काय दुखावलं ते तपासणीतही सापडत नाही. कळ मात्र भयंकर असते, कारण आजूबाजूचे स्नायू आखडून कंबर जखडून टाकतात. कळ मोठी म्हणजे इजा मोठी, असं नाही. पन्नाशीतल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तरी निम्म्याहून अधिक जणांत गादी कडेने बाहेर फुगलेली (‘बल्ज’) दिसते. रिपोर्टमधल्या ‘बल्ज’ने घाबरून अंथरूण धरणं हेच जास्त महागात पडतं.

पहिले दोन दिवस पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवाव्यात, गुडघे काटकोनात, दहा-पंधरा मिनिटं. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून वीस मिनिटं. उठताना आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताने रेटा देत बसावं. जागेपणी दर तासाला पाच मिनिटं घरातल्या घरात चालावं. पट्टा प्रवासापुरता ठीक. महिनोन् महिने बांधला तर स्नायू आळसावतात. वेदनाशामक गोळ्या पित्ताचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो. पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाच्या लाथेने उसण जाते, या समजाचं श्रेय याच आपसूक बरं होण्याला द्यावं लागेल!

कळ कुल्ल्यापाशी न थांबता गुडघ्याच्या खाली, पावलापर्यंत उतरली तर शीर दबल्याची शक्यता असते. घरी एवढं बघता येतं: टाचांवर चालताना अंगठा वर राहत नसेल, तर बहुधा कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी शीर दाबत असते; चवड्यांवर उभं राहता येत नसेल, तर त्याखालची. अशी कमजोरी दिसली तर डॉक्टर गाठावा.

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बैठकीची जागा बधिर पडली, दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावं. मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो आणि शस्त्रक्रियेला उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. संध्याकाळी बारीक ताप, घटतं वजन, रात्री पडल्यावरही न थांबणारी कळ असेल, तर मणक्याचा क्षय तपासून घ्यावा. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही.