मुक्या डिटेक्टिव्हची गोची

डिटेक्टिव्हचं खरं काम काय, तर शेवटी सगळ्यांना समोर बसवून बोलणं. कोण कुठे होता, कोण खोटं बोलला, मला कसं कळलं वगैरे वगैरे. आता त्याचा आवाजच काढून घेतला तर? मूकपटवाल्यांची नेमकी हीच गोची होती.

‘शेरलॉक होम्स बॅफल्ड’ हा पहिला डिटेक्टिव्ह सिनेमा मानतात, १९०० मध्ये शूट झालेला, जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. तोही पडद्यासाठी नव्हताच, म्युटोस्कोप नावाच्या पेटीत नाणं टाकायचं, डोळा लावायचा आणि हँडल फिरवत बसायचं, एका वेळी एकच प्रेक्षक. त्यात काळ्या कपड्यातला चोर चांदीची भांडी पोत्यात भरतोय, होम्स येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवतो तर चोर गायब! कॅमेरा थांबवून माणूस बाजूला करायची साधी ट्रिक. शेवटी होम्सच्या हातातलं पोतंसुद्धा गायब होतं आणि चोर ते घेऊन खिडकीतून पसार. म्हणजे तर्क-बिर्क काही नाही, पहिल्याच सिनेमात होम्सचा पोपट :)

मला वाटतं म्हणूनच मूकपटात डिटेक्टिव्हपेक्षा चोर भाव खाऊन गेला, कारण चोराला बोलावं लागत नाही, त्याने नुसतं वेषांतर करायचं, छपरावरून पळायचं, बास. फ्रान्समध्ये लुई फुयादने १९१३-१४ मध्ये ‘फँटोमास’ नावाच्या अट्टल गुन्हेगाराचे पाच सिनेमे काढले, त्यात एकदा इन्स्पेक्टर जूव्ह आणि त्याचा पत्रकार दोस्त दोन्ही बाजूंनी फँटोमासचे दंड पकडून त्याला घेऊन चाललेत आणि हा पठ्ठ्या कोटाला लावलेले खोटे हात त्यांच्याकडेच सोडून सटकतो! दोघं हातात हात घेऊन बघत राहतात, अक्षरशः. इथे डायलॉग लागतोच कशाला?

होम्सचेही ढीगभर मूकपट निघाले, पण मधेमधे पडद्यावर संवादांच्या पाट्या वाचाव्या लागल्या की माझा तरी मूड जातो.

हिचकॉकने मात्र १९२७ च्या ‘द लॉजर’मध्ये कमाल केलीय. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू खुनी आहे की काय असा संशय, खाली घरातले लोक मान वर करून बघतायत, झुंबर हलतंय. आता पावलांचा आवाज ऐकवणार कसा? तर त्याने चक्क काचेची जमीन बनवून घेतली आणि खालून शूट केलं, छतातून येरझाऱ्या घालणारे त्याचे बूट दिसतात. सिनेमा मुका, पण पावलं ऐकू आल्यासारखी वाटतात राव!